आयसोपॉड : घरच्या पेटीतील खाद्यजीव आणि त्याच्या पालनाचे नियम

पावसाळ्यात परसातली वीट, कुंडी किंवा ओले लाकूड उचलले की खाली राखाडी रंगाचे, चपट्या पाठीचे, अनेक पायांचे लहान जीव चहूकडे पळताना दिसतात. त्यांतले काही हात लागताच अंगाची गोळी करून निपचित पडतात. प्राणिशास्त्रात या जीवांना आयसोपॉड असे नाव आहे. पाली, सरडे आणि बेडूक पाळणाऱ्या जगभरातील हौशी मंडळींनी गेल्या काही दशकांत हा जीव घरच्या पेटीत वाढवण्याचे तंत्र बसवले असून, पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांचे पूरक खाद्य म्हणून तो आता भारतातही विकला जाऊ लागला आहे.

हे पालन स्वस्त आहे, जागा थोडी लागते, आवाज किंवा विशेष दुर्गंधी नसते. मात्र आयसोपॉड ज्या मातीत राहतो त्या मातीतील बरेवाईट सारे आपल्या अंगात साठवतो, आणि ते पुढे त्याला खाणाऱ्या प्राण्याच्या पोटात जाते. उलट, परक्या जातीचा आयसोपॉड पेटीतून निसटला तर तो बाहेरच्या मातीत आणि शेतात ठाण मांडू शकतो. म्हणून या पालनाचे सारे यश एका गोष्टीवर अवलंबून असते : पेटीत काय शिरते आणि पेटीतून काय बाहेर पडते, यावर पाळणाऱ्याचा ताबा असला पाहिजे.

हवामानानुसार या पालनाची रीत बदलते. ती समजावी म्हणून या लेखात गोव्याच्या बरोबरीने माळव्यातील देवासचे उदाहरण घेतले आहे. पवार घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या संस्थानांमुळे देवासचे मराठी वाचकांशी जुने नाते आहे. तेथील कोरडी हवा, काळी माती, औद्योगिक वसाहत आणि सोयाबीनची शेती या चारही गोष्टींचा प्रस्तुत विषयाशी थेट संबंध येतो.

हा प्राणी कोणता?

आयसोपॉडला लोक किडा म्हणत असले तरी तो कीटक नव्हे. तो खेकडा, कोळंबी आणि झिंगा यांच्या कवचधारी गटातला प्राणी आहे. या गटातील बहुतेक प्राणी पाण्यात राहतात. जमिनीवर कायमचे घर करण्यात सर्वाधिक यशस्वी ठरले ते आयसोपॉड. त्यांच्या जमिनीवर राहणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे.

पाण्यातून जमिनीवर आला तरी या प्राण्याची श्वसनाची सोय पूर्णपणे बदललेली नाही. पोटाखाली, शेपटीच्या बाजूस, पातळ पानांसारखी उपांगे असतात आणि त्यांतून तो प्राणवायू घेतो. ही उपांगे ओलसर राहिली तरच श्वास चालतो. काही जातींत या उपांगांवर पांढरे ठिपके दिसतात. ती हवेतून श्वास घेण्यासाठी तयार झालेली सूक्ष्म नलिकांची जाळी होय. अशा जाती थोडा कोरडेपणा सहन करतात. तरीही कीटकांच्या अंगावर असतो तसा पाणी अडवणारा मेणाचा भक्कम थर आयसोपॉडच्या अंगावर नसल्याने कोरड्या हवेत त्याच्या अंगातले पाणी झपाट्याने उडून जाते. दिवसा लपून राहणे, रात्री बाहेर पडणे, एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने बसणे या त्याच्या सवयी पाणी वाचवण्यासाठीच आहेत.

ओळखीत एक घोटाळा नेहमी होतो. पैसा किंवा वाणी या नावांनी ओळखला जाणारा सहस्रपाद प्राणीही अंगाचे वेटोळे करतो, आणि सह्याद्रीच्या जंगलात तर अंगाची पूर्ण गोळी करणारे मोठे सहस्रपादही आढळतात. फरक पायांवरून कळतो. पूर्ण वाढलेल्या आयसोपॉडला पायांच्या सात जोड्या म्हणजे १४ पाय असतात. सहस्रपादाच्या बहुतेक वलयांना प्रत्येकी दोन जोड्या असल्याने पायांची संख्या त्याहून कितीतरी अधिक भरते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अनेक सहस्रपाद अंगातून दाहक किंवा विषारी द्रव सोडतात. ते पाळीव प्राण्याला कधीही खाऊ घालू नयेत.

खाद्य म्हणून मोल

कीटकभक्षी पाली व सरडे पाळणाऱ्यांपुढील सर्वांत मोठी अडचण कॅल्शियमची असते. बाजारात मिळणारे रातकिडे आणि पिठातल्या भुंगेऱ्याच्या अळ्या यांत स्फुरदाचे प्रमाण कॅल्शियमच्या कित्येक पट असते. असेच खाद्य महिनोन्‌महिने दिले तर प्राण्याचे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंगाला कंप सुटतो, पाठीचा कणा वाकडा होतो. पाळीव सरड्यांत आढळणारा हा सर्वांत सामान्य आणि बहुतांशी टाळता येण्याजोगा आजार आहे.

आयसोपॉडचे कवच कॅल्शियम कार्बोनेटने घट्ट झालेले असते. त्यामुळे तो मुळातच कॅल्शियमयुक्त खाद्यजीव ठरतो. रातकिड्यांवर भुरभुरावी लागणारी भुकटी त्याला सहसा लागत नाही. मात्र खाल्लेले कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व हवे, आणि ते तयार होण्यासाठी अनेक सरड्यांना अतिनील किरणांची गरज असते. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येत नाहीत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

आयसोपॉड हे पूरक अन्न आहे, मुख्य नव्हे. त्याचे कवच पचायला जड असते आणि अंगात मांसाचा भाग थोडा असतो. लेपर्ड गेको, बियर्डेड ड्रॅगन, लहान स्किंक आणि काही बेडूक तो आवडीने खातात. हिरवा इग्वाना हा शाकाहारी सरडा आहे, त्याला आयसोपॉड देण्याचे कारण नाही. पायथॉनसारख्या सापांनाही त्याचा उपयोग नाही. खाद्यजीवाच्या आकाराविषयी एक सोपा नियम रूढ आहे : तो खाणाऱ्या प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद नसावा.

दुसरा उपयोग सफाईचा. प्राण्याच्या काचपेटीत माती, पालापाचोळा आणि जिवंत झाडे ठेवलेली असतील तर आयसोपॉड विष्ठा, टाकलेली कात आणि बुरशी खाऊन पेटी स्वच्छ ठेवतात. सरड्याने त्यांतले काही खाल्ले तरी उरलेले पुन्हा वाढतात.

बाहेरून गोळा का करू नये?

विटेखाली फुकट मिळणारा जीव विकत का घ्यावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या प्राण्याच्या यकृतासमान ग्रंथीत दडलेले आहे.

आयसोपॉडच्या रक्तात लोहाऐवजी तांब्यावर आधारलेले प्राणवायुवाहक द्रव्य असते. त्यामुळे अन्नातून तांबे मिळवून साठवण्याची त्याची क्षमता विलक्षण आहे. मात्र त्याच मार्गाने जस्त, शिसे आणि कॅडमियम हे धातूही त्याच्या पचनग्रंथीत साठत जातात, आणि बरेच साठूनही तो जिवंत राहतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळील एव्हनमाउथ येथील जस्त-भट्टीच्या परिसरात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या अभ्यासांतून ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. तेव्हापासून जमिनीतील धातूंचे प्रदूषण मोजण्यासाठी शास्त्रज्ञ आयसोपॉडचा उपयोग करतात. जो प्राणी प्रदूषणाचे मोजमाप म्हणून उपयोगी पडतो, तोच प्रदूषित जागेतून उचलून सरड्याला खाऊ घालणे धोक्याचे आहे. सरडा एका वेळी असे अनेक जीव खातो, त्यामुळे त्या साऱ्यांचा साठा एकाच पोटात गोळा होतो.

देवासमध्ये १९७० च्या दशकापासून मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. आग्रा–मुंबई महामार्ग शहरालगत जातो आणि आजूबाजूला कीटकनाशकांची फवारणी होणारी शेते आहेत. अशा शहरात रस्त्याकडेचा, कारखान्यांच्या परिसरातला किंवा बांधावरचा आयसोपॉड खाद्य म्हणून वर्ज्य मानावा. गोव्यातही रहदारीच्या रस्त्यांकडेचे, गॅरेजजवळचे, बंदर-धक्क्याजवळचे आणि खनिज वाहतुकीच्या मार्गावरचे जीव उचलू नयेत. जुन्या रंगाचे पापुद्रे पडलेल्या भिंतीच्या बुंध्याशी शिसे असण्याची शक्यता असते, तेही स्थान टाळावे.

परजीवींचाही धोका आहे. अमेरिकेत आर्माडिलिडियम व्हल्गेर या जातीच्या आयसोपॉडमध्ये एक काटेरी डोक्याचा कृमी आढळतो. त्याची पुढची वाढ मैनेच्या कुळातील स्टार्लिंग पक्ष्याच्या आतड्यात होते. कृमीची बाधा झालेला आयसोपॉड लपून राहण्याऐवजी उघड्यावर फिरू लागतो आणि पक्ष्याच्या तावडीत सहज सापडतो. बाहेर सहज हाती लागणारा जीव निरोगीच असेल असे नाही, हा यातला बोध आहे.

बाहेरचे आयसोपॉड आणलेच, तर फवारणी न झालेल्या परसातले थोडे जीव आणून वेगळ्या पेटीत वाढवावेत, मूळ आणलेले जीव खाऊ घालू नयेत, आणि पेटीत जन्मून स्वच्छ अन्नावर वाढलेली पुढची पिढीच खाद्य म्हणून वापरावी.

पालनातील जाती

खाद्यासाठी मोजक्याच जाती उपयोगी आहेत.

पॉर्सेलिओनायडिस प्रुइनोसस ही सुमारे एक सेंटिमीटर लांबीची, अंगावर भुकटी पसरल्यासारखी दिसणारी, चपळ जात आहे. तिचे कवच तुलनेने मऊ असते, पिल्ले भराभर होतात आणि उष्ण हवा ती बऱ्यापैकी सोसते. ती जगभर पसरलेली असून नवशिक्यासाठी सर्वांत सोयीची ठरते.

पॉर्सेलिओ लेव्हिस ही दीड ते दोन सेंटिमीटरपर्यंत वाढणारी, खादाड जात. हौशी मंडळींत तिचे काळे-पांढरे ठिपकेदार वाण लोकप्रिय आहे. दिल्ली परिसरात या जातीच्या प्रजननाचा अभ्यास १९८० च्या दशकात प्रसिद्ध झाला, म्हणजे उत्तर भारताच्या हवेत ती नांदते हे ठाऊक आहे. मोठ्या सरड्यांना ती पुरते, पण प्रथिने कमी पडल्यास कात टाकणाऱ्या किंवा जखमी प्राण्याला ती कुरतडू शकते. म्हणून ती सरड्याच्या पेटीत मोकळी सोडू नये.

ट्रायकोऱ्हायना टोमेंटोसा ही अर्ध्या सेंटिमीटरहून लहान, पांढरी, उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून पसरलेली जात आहे. तिच्यात माद्या नराशिवाय पिल्ले देतात. सरड्यांची नुकती जन्मलेली पिल्ले आणि छोटे बेडूक यांना ती योग्य.

गोळी होणारी आर्माडिलिडियम व्हल्गेर ही भूमध्य सागराच्या परिसरातील जात आता अनेक खंडांत पसरली आहे. तिचे कवच कठीण असते आणि वाढ मंद. खाद्यासाठी ती कमी सोयीची, शिवाय तिच्यापासून शेतीला असलेला धोका पुढे सांगितला आहे. थायलंडसारख्या देशांतून येणाऱ्या रंगीत, महागड्या क्युबॅरिस जाती हा संग्राहकांचा छंद आहे. खाद्याशी त्यांचा संबंध नाही.

पेटी, माती आणि ओल

दहा-पंधरा लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा सुरुवातीस पुरतो. दोन समोरासमोरच्या बाजूंना छिद्रे पाडून त्यांवर बारीक धातूची जाळी चिकटवावी. गुळगुळीत उभ्या भिंतीवर बहुतेक जाती चढू शकत नाहीत, पण माती किंवा साल भिंतीला टेकली की चढायला वाट मिळते. मुंग्या हा भारतातील पेट्यांचा मोठा शत्रू आहे. जुन्या घरांत फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तीच युक्ती येथेही चालते.

तळाला सात-आठ सेंटिमीटर मातीचा थर द्यावा. माळव्यातील काळी माती नुसती वापरू नये. ती भिजली की चिकट गोळा होते, वाळली की तडकते, आणि दोन्ही स्थितींत तिच्यात हवा खेळत नाही. गोव्याची तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी असून तिच्यात चुना कमी असतो. नारळाच्या सोडणाचा भुसा, चांगले कुजलेले पालापाचोळ्याचे खत आणि थोडी स्वच्छ माती यांचे मिश्रण दोन्हीकडे चालते. गोव्यातील मिश्रणात कॅल्शियमची भर आवर्जून घालावी. रासायनिक खत मिसळलेली रोपवाटिकेची तयार माती टाळावी.

सर्वांत महत्त्वाचा नियम ओलीचा. सगळी पेटी सारखी ओली ठेवू नये. एका टोकाला ओले शेवाळ ठेवून तेवढाच भाग भिजवावा, दुसरे टोक कोरडे राहू द्यावे. आयसोपॉड स्वतः आपल्याला हवी ती जागा शोधतो. कात टाकताना आणि पिल्ले देताना तो ओल्या बाजूला जातो, एरवी मधल्या भागात राहतो. ओल्या बाजूची माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये.

क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला राहायला गेले ते तेथील कोरड्या हवेसाठी. जी हवा त्यांच्या फुप्फुसांना मानवली, तीच ओल्या उपांगांनी श्वास घेणाऱ्या या जीवाला घातक ठरते. समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच असलेल्या या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेतील ओल अगदी कमी होते. पस्तीस अंशांपुढे बहुतेक जातींवर ताण येतो. या दिवसांत पेटी घराच्या सर्वांत आतल्या खोलीत, जमिनीवर ठेवावी, भोवती ओले गोणपाट गुंडाळावे, छिद्रे काही प्रमाणात झाकावीत आणि ओल रोज पाहावी. कूलरचा झोत पेटीवर थेट येऊ देऊ नये. हिवाळ्यात रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा प्राणी मरत नाहीत, पण प्रजनन थंडावते. त्या काळात उचल थांबवावी.

गोव्यात अडचण नेमकी उलटी असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जून ते सप्टेंबरदरम्यान पेटीत पाणी घालण्याची गरज फार थोडी पडते. ओल कोंडली की माती आंबते, बुरशी आणि बारीक कोळीकिडे वाढतात. आयसोपॉड आपले नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य अमोनिया वायूच्या रूपाने बाहेर टाकतात. हवा खेळती नसेल तर तो पेटीतच साचतो. पावसाळ्यात छिद्रे वाढवावीत, अर्धी पेटी कोरड्या पाल्याची ठेवावी आणि झाकण उघडल्यावर उग्र वास आला तर माती बदलावी. दोन्ही प्रदेशांत २० ते २८ अंश हे तापमान सर्वांत अनुकूल.

आहार

वाळलेला पाला हे आयसोपॉडचे मुख्य अन्न असून तो पेटीत नेहमी भरपूर असावा. आंबा, फणस, पेरू, जंगली बदाम, वड आणि साग यांची पिकून गळलेली पाने चालतात. झाडावरून तोडलेली हिरवी पाने नकोत. पाने धुऊन, उकळत्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून घालावीत. कडुलिंबाची पाने वर्ज्य आहेत, कारण त्यांतील द्रव्य कीटकनाशक आहे. निलगिरी, तुळस आणि इतर उग्र वासाची पानेही नकोत. देवास जिल्ह्यातील खिवनी अभयारण्यात सागाचा पाला विपुल असला तरी अभयारण्यातून पालापाचोळा उचलू नये. परसातला पाला पुरेसा होतो.

कुजट मऊ लाकडाचा तुकडा हे दुसरे आवडते अन्न. आठवड्यातून एकदोनदा गाजर, भोपळा, काकडी यांची पातळ चकती द्यावी आणि उरलेली दोन दिवसांत काढावी. भाजी धुऊन, साल काढून घालणे बरे. फवारलेल्या सालीवरचे औषध सगळी पेटी एका रात्रीत रिकामी करू शकते. प्रथिनांसाठी चिमूटभर सुकी सुंगटे किंवा माशांच्या खाद्याचे दाणे पंधरवड्याने द्यावेत. खारवलेली सुकी मासळी देऊ नये.

कॅल्शियमसाठी अंड्याची टरफले उकळून, वाळवून, कुटून घालावीत. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन, म्हणजे माकुळाच्या पाठीतले पांढरे हाड, हाही उत्तम पर्याय आहे. गोव्यात तिसऱ्यांच्या शिंपल्या मुबलक मिळतात, त्या मीठ निघून जाईपर्यंत धुऊन कुटाव्यात. पानात खायचा चुना मात्र घालू नये. तो दाहक असतो आणि प्राण्यांना पोळतो.

खाऊ घालण्यापूर्वी एक-दोन दिवस निवडलेले आयसोपॉड वेगळ्या डबीत ठेवून त्यांना भोपळा, हिरव्या पालेभाजीचे तुकडे आणि कॅल्शियम द्यावे. खाद्यजीवाच्या पोटातले अन्नही सरड्याला मिळते.

वाढ, प्रजनन आणि उचल

मादीच्या पोटाखाली द्रवाने भरलेली एक पिशवी असते. अंडी त्या पिशवीतच उबतात आणि तापमानाप्रमाणे तीन ते पाच आठवड्यांनी पांढुरकी पिल्ले बाहेर येतात. जन्मतः त्यांना पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी जोडी सुरुवातीच्या काती टाकल्यानंतर येते. ही पिल्ले कोरडेपणाने सर्वांत आधी मरतात. पेटीत मोठे प्राणी दिसत आहेत पण संख्या वाढत नाही, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा ओलीचा असतो.

कात टाकण्याची पद्धत वेगळी आहे. आधी अंगाचा मागचा अर्धा भाग कात टाकतो आणि काही काळाने पुढचा. मागचा भाग टाकण्यापूर्वी जुन्या कवचातले कॅल्शियम पोटाच्या पुढच्या भागात पांढऱ्या चकत्यांच्या रूपाने साठवले जाते. त्या वेळी प्राणी अर्धा फिकट, अर्धा गडद दिसतो. तो आजारी नसतो, त्याला हात लावू नये. टाकलेली कात तो स्वतःच खातो, म्हणून ती काढून टाकू नये.

वीस-तीस प्राण्यांनी सुरुवात करून पहिले तीन-चार महिने एकही उचलू नये. समजा तीसपैकी पंधरा माद्या आहेत आणि प्रत्येकीला वीस पिल्ले झाली, तर एका वेळी ३०० पिल्ले होतात. त्यांतली निम्मी जगली तरी पेटी भरते. त्यानंतरही दोन पेट्या ठेवाव्यात : एकीतून उचल करावी, दुसरी राखीव असावी. उचल करताना पोट फुगलेल्या माद्या परत ठेवाव्यात आणि मधल्या आकाराचे प्राणी निवडावेत. सालीचा तुकडा उचलून बशीवर झटकला की हवे तेवढे मिळतात.

आयसोपॉडच्या अंगावर एकाएकी चकचकीत निळा-जांभळा रंग चढला तर तो सुंदर वाण नसून बहुधा विषाणूचा आजार असतो. असे प्राणी तत्काळ काढावेत आणि त्या पेटीतले जीव खाऊ घालू नयेत. पेटीतले बहुसंख्य प्राणी एकाच वेळी मेले, तर भाजीवरील औषध, घरातली झुरळनाशक फवारणी, डास मारण्याचे यंत्र किंवा साचलेला अमोनिया यांचा शोध घ्यावा.

कायद्याची चौकट

खाद्य पाळण्याआधी ते ज्या प्राण्यासाठी पाळायचे, तो प्राणी घरात ठेवता येतो का, हे पाहणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे घोरपड, तारा कासव यांसारखे संरक्षित देशी प्राणी घरी ठेवणे गुन्हा आहे. पहिल्या परिशिष्टातील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. बाहेर सापडलेला सरडा किंवा कासव ‘जीव वाचवला’ म्हणून घरी ठेवणे योग्य नव्हे. जखमी प्राणी वन विभागाच्या हवाली करावा.

परदेशी प्राण्यांबाबत २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जाती त्यानुसार चौथ्या परिशिष्टात आल्या. हिरवा इग्वाना आणि बॉल पायथॉन यांचा त्यांत समावेश होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. नवा प्राणी ताब्यात आल्यास ३० दिवसांत नोंद करावी लागते. विकत घेताना पावती आणि मूळ कागदपत्रे मागून घ्यावीत. परदेशातून जिवंत आयसोपॉड परवानगीविना टपालाने मागवणेही बेकायदा आहे, मग विक्रेता काहीही सांगो.

पेटीबाहेर जाऊ देऊ नये

आयसोपॉडचे बहुतेक अन्न कुजलेले असल्याने तो शेताला निरुपद्रवी मानला जातो, आणि सामान्यतः ते खरेही आहे. अर्जेंटिनात मात्र वेगळा अनुभव आला. तेथे नांगरणी न करता, मागच्या पिकाचे अवशेष जमिनीवर तसेच ठेवून सोयाबीन पेरण्याची पद्धत रूढ झाली. अवशेषांखाली सावली आणि ओल मिळाल्याने परकी आर्माडिलिडियम व्हल्गेर जात बेसुमार वाढली आणि सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडू लागली. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातही अशी हानी नोंदली गेली.

देवास जिल्ह्याचे खरीप पीक मुख्यतः सोयाबीन आहे. गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले धसकट, जाळू नये, ते जमिनीतच राहू द्यावे, असा आग्रह आता धरला जातो, आणि जमिनीच्या व हवेच्या दृष्टीने तो योग्यच आहे. मात्र हेच अवशेष परक्या आयसोपॉडला आसरा देऊ शकतात. अशा प्रदेशात पाहुणी जात मोकळी सुटणे परवडणारे नाही. गोव्यात प्रश्न सह्याद्रीच्या पायथ्याचा आहे. तेथील पालापाचोळ्यात राहणारे अनेक लहान जीव जगात अन्यत्र सापडत नाहीत, आणि परक्या जाती एकदा मातीत शिरल्या की त्यांना काढता येत नाही. दुकानातून हौसेने आणलेली आणि मोठी झाल्यावर तळ्यात सोडलेली लाल कानाची कासवे देशभर काय करून बसली, हे उदाहरण समोर आहे.

म्हणून पेटीतली जुनी माती थेट कुंडीत किंवा बागेत टाकू नये. तिच्यात डोळ्यांना न दिसणारी पिल्ले असतात. माती बंद पिशवीत भरून कडक उन्हात अनेक दिवस ठेवावी किंवा तिच्यावर उकळते पाणी ओतावे, मगच बाहेर काढावी. पाळणे थांबवायचे असेल तर प्राणी दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत, अन्यथा पेटीसह गोठवून नष्ट करावेत. ‘निसर्गात मुक्त करणे’ हा येथे दयेचा मार्ग नाही. पाळायच्या जातीची निवड करतानाही हाच विचार ठेवावा : आपल्या प्रदेशात आधीपासून असलेली जात मिळत असेल, तर दूरदेशीच्या रंगीत जातीपेक्षा ती सर्वार्थाने बरी.